शिकवणाऱ्याची बाजू

मास्तरांनी आयुष्यात साडेचार हजार माणसांना गाडी शिकवली आणि बायकोला शिकवली नाही. यात त्यांचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही, बायकोलाही नाही. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणं म्हणजे विकतचं भांडण, असं ते प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे आणि बॅच हसायची. बाई मात्र त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या एका खोलीत, भिंतीवरच्या तक्त्यासमोर पट्टी घेऊन बावीस वर्षं नियम शिकवत होत्या. कुठे थांबायचं, कुणाला आधी जाऊ द्यायचं, धुक्यात कोणता दिवा लावायचा, ओल्या रस्त्यावर किती अंतर ठेवायचं. सगळं तोंडपाठ, आणि स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे त्या स्वतःच म्हणून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला उरू नये.

त्या बुधवारी सकाळी आठला दोघं स्कूलचीच गाडी घेऊन निघाले. दुसरी गाडी त्यांच्याकडे नव्हतीच. छपरावर स्कूलची पाटी, आणि पायाशी दोन्हीकडे पेडल. चालवणाऱ्याकडे तीन आणि शेजारी, शिकवणाऱ्याच्या बाजूला, क्लच आणि ब्रेक अशी दोन. शिकाऊ माणूस गडबडला तर शेजारच्याने गाडी आवरायची, अशी ती सोय. आज स्टिअरिंगवर मास्तर होते आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला बाई.

"पायाखालचं काही दाबायचं नाही," मास्तर म्हणाले. "पाय मागे घेऊन बस."

"बावीस वर्षं मीच सांगतेय ते पोरांना," बाई म्हणाल्या आणि मांडीवर थर्मास घेऊन बसल्या.

आदल्या संध्याकाळी मुलाचा मेसेज आला होता, आईच्या फोनवर. बापाच्या फोनवर तीन वर्षांत एकही आला नव्हता. 'उद्या दुपारी चारला जहाज सुटतंय. दीड वर्षाचा करार आहे. धक्क्यावर असेन. यायचं तर या.' बंदर किनाऱ्याच्या पार टोकाला, दोनशे किलोमीटरवर. हिवाळ्यात तिकडे बस जायची सोमवारी आणि शुक्रवारी, बाकीचे दिवस देवाच्या भरवशावर. बाईंनी मेसेज वाचून दाखवला आणि आता हे काय बोलतात म्हणून पाहत राहिल्या.

"जाऊ या," मास्तर म्हणाले. "गाडी आहे की."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी कारणच विचारलं नाही. तिथेच त्या फसल्या.

कारण मास्तरांना दिसत नव्हतं. अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोरचं, नाकासमोरचं, नळीतून पाहावं तेवढं दिसायचं. बाजूचं सगळं गेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून तपासलं होतं. "काचबिंदू," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. उरलंय तेही पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल असं मी म्हणणार नाही. गाडी आजपासून बंद." मास्तरांनी मान डोलावली. घरी येऊन चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं आणि स्कूलच्या दारावर 'थंडीनिमित्त बंद' असा कागद चिकटवला. थंडीनिमित्त स्कूल बंद, असं बावीस वर्षांत कधी झालं नव्हतं. बाईंना वाटलं, बरं झालं, एकदाची विश्रांती सुचली.

पण डॉक्टरीणबाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. "हे चार-पाच वर्षांपासूनचं दिसतंय. बाजूने कुणी आलं आणि तुम्हाला दिसलंच नाही, असं कधी झालं होतं का?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि दवाखान्याच्या जिन्यात येऊन पाऊण तास बसून राहिले.

झालं होतं. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी. मुलगा तेव्हा स्कूलमध्ये नुकताच शिकवायला लागला होता. गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली गाडी दोघं बापलेक चालवून बघायला निघाले, मुलगा स्टिअरिंगवर आणि बाप शिकवणाऱ्याच्या बाजूला. चौकात मास्तरांच्या बाजूने रस्ता येऊन मिळायचा. त्या स्कूलचा एक कायदा होता आणि तो मास्तरांनीच केलेला. शिकवणाऱ्याच्या बाजूचं शिकवणारा बघणार, चालवणाऱ्याने तिकडे मान वळवायची नाही. मुलाने विचारलं, "मोकळं?" मास्तरांनी पाहिलं. रस्ता स्वच्छ होता. "मोकळं, घे," ते म्हणाले. मुलाने घेतली, आणि सायकलवरचा एक माणूस बॉनेटवर येऊन पडला. त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तो अजून लंगडतो.

इन्स्पेक्टर आला तेव्हा मास्तर म्हणाले, "मी थांब म्हणालो होतो. याने ऐकलं नाही." आणि वाईट गोष्ट ही की त्यांना ते खरंच वाटत होतं. रस्ता मोकळा होता, तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मग माणूस आला कुठून? पोराने वेग घेतला असणार, आपण 'घे' म्हणालोच नसणार. दोन दिवसांत त्यांची खात्री झाली, आठवड्यात ते शपथेवर सांगायला तयार झाले. मुलगा बापाकडे नुसता बघत राहिला आणि काही बोलला नाही. त्याचं लायसन्स गेलं, शिकवणं गेलं, गल्लीत मान वर करून चालणं गेलं. एक दिवस पिशवी भरून तोही गेला.

आता मास्तरांना एवढंच करायचं होतं. मुलासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, चूक माझी होती, मला दिसलं नव्हतं. ही गोष्ट फोनवर सांगायची नसते, आणि सांगायची म्हटली तरी मुलगा बापाचा फोन उचलत नव्हता. दीड वर्षाने तो परत येईल तेव्हा त्याचा चेहरा दिसायला मास्तरांकडे डोळे नसतील. म्हणजे आजच, चारच्या आत. आणि हे बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी किल्लीच काढून घेतली असती.

पहिले शंभर किलोमीटर मास्तर गावोगावी बर्फ उतरवत रखडणाऱ्या एका ट्रकमागून गेले. ट्रकचे मागचे दोन लाल दिवे तेवढे नळीत धरून ठेवायचे, तो वळला की वळायचं, तो थांबला की थांबायचं. बाई बोलत होत्या. बंद पडलेली गेस्ट हाऊसं, वाळूत उताण्या ठेवलेल्या होड्या, मिठाने खाल्लेल्या पाट्या, सगळं त्या मोठ्याने सांगत होत्या. मास्तर "हो ना" म्हणत होते.

"ते बघा, केवढा पक्षी!"

"हो ना, सुंदर आहे."

"अहो, कुठे बघताय? तुमच्या बाजूला बसलाय कठड्यावर."

"रस्ता बघू का पक्षी बघू?" मास्तर खेकसले. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

बाराच्या सुमाराला ट्रक एका फाट्यावर आत वळला आणि मास्तर उघडे पडले. त्यात समुद्रावरून धुकं चढायला लागलं. रस्ता अरुंद, एका अंगाला दगडी कठडा, दुसऱ्या अंगाला घरांच्या भिंती. मास्तरांनी मधली पांढरी रेघ धरली. रेघ मध्येच पुसट व्हायची, तेवढा वेळ ते अंदाजाने जायचे, आणि मनातल्या मनात मोजायचे. एक, दोन, तीन. रेघ सापडायची. एक, दोन, तीन, चार. सापडायची. बाईंचं बोलणं केव्हा थांबलं ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

गाडी एकदम जागच्या जागी गचकन थांबली. थर्मास समोर जाऊन आदळला. मास्तरांनी ब्रेक दाबलाच नव्हता. बाईंनी दोन्ही पाय मिळून त्यांच्या बाजूचा ब्रेक तळाला नेला होता आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. गाडीच्या नाकापासून वीतभर अंतरावर एक म्हातारी सरपणाची हातगाडी घेऊन उभी होती. भिंतींमधल्या बोळातून ती बाजूनेच आली होती. ओंडके रस्त्यावर घरंगळत गेले.

"डोळे फुटले का रे मेल्या?" म्हातारी ओरडली.

"हो," मास्तर म्हणाले.

ते कसं निघून गेलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही. एवढ्या वर्षांत म्हातारीला या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नसावं. बाई खाली उतरल्या, म्हातारीला हात जोडले, ओंडके गोळा करून दिले. मग मास्तरांच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"किती दिसतं?"

मास्तरांनी दोन्ही मुठी एकापुढे एक धरून डोळ्याला लावल्या. एवढं.

"किती दिवसांपासून माहीत आहे?"

"पंधरा."

"आणि मला शेजारी बसवून आणलंत." बाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "सरका. मी चालवते."

"तुला कुठे येतं?"

"तुम्हाला तरी कुठे येतं आता?"

पुढे एका मिटलेल्या गेस्ट हाऊसचं अंगण होतं, तिथवर मास्तरांनी गाडी बाईंच्या सांगण्यावर रांगत नेली. मास्तर लोकांना एकवीस दिवसांत गाडी शिकवायचे. बाईंना त्यांनी बारा मिनिटांत शिकवली. क्लच पूर्ण, गिअर, क्लच हळूहळू, आता रेस. गाडी सहा वेळा बंद पडली, सातव्यांदा निघाली. अंगणाच्या फाटकाशी बाईंनी इंडिकेटर दिला, तिन्ही आरसे बघितले आणि नव्वद किलोमीटर लांबच्या बंदराकडे तोंड केलं. एक वाजायला पाच मिनिटं होती.

ताशी पस्तीसच्या वर बाई जाईनात. जिथे थांबा लिहिलंय तिथे त्या पूर्ण थांबत, मनात तीन अंक मोजत आणि मगच निघत. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाजूची सगळी वस्ती हिवाळ्यापुरती रिकामी झालेली. मास्तर हातातलं घड्याळ नाकाजवळ नेऊन बघत होते. दोन. अडीच. एका रिकाम्या तिठ्यावर त्यांचा धीर सुटला.

"अगं, कोणी नाही, चल की!"

"कोणी नाही हे तुम्हाला काय माहीत?" बाई म्हणाल्या.

त्यांनी सहज म्हटलं होतं. मास्तरांनी मात्र घड्याळाचा हात मांडीवर ठेवला आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर वेळ बघितलीच नाही. मग बाईंनीच विचारलं, "इतका अट्टहास कशासाठी पण? भेटायची ओढ होती तर तीन वर्षांत एकदाही नाही वाटली. आजच जीव धोक्यात घालून निघालात."

मास्तरांनी सांगितलं. समोर बघत, एका दमात, जसं झालं तसं. 'मोकळं, घे' म्हणालो होतो. इन्स्पेक्टरला खोटं सांगितलं, आणि ते खोटं आहे हे मला पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात कळलं. पोराची चूक नव्हती. हे त्याला तोंडावर सांगायचंय म्हणून चाललोय.

बाईंनी डावा-उजवा आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी कठड्याला लावली, हॅन्डब्रेक ओढला, चारही दिवे उघडझाप करत ठेवले आणि दार उघडून उतरल्या. कठड्याशी जाऊन समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वाऱ्याने त्यांचा कोट फडफडत होता.

मास्तरांना माहीत होतं त्या काय आठवतायत. मुलगा पिशवी भरत होता तेव्हा दारात उभं राहून बाई त्याला म्हणाल्या होत्या, "चूक कबूल कर. बापाच्या माथी मारू नकोस." मुलाने बापाच्या माथी काही मारलंच नव्हतं. तो एक अक्षर बोलला नव्हता. त्याच्या गप्प बसण्याचाच बाईंना राग आला होता.

घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटं झाली. बंदर अजून वीस-बावीस किलोमीटर होतं. अठरा झाली. मास्तरांनी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि काढून घेतला. तिला चल म्हणायचं कोणत्या तोंडाने? एकोणीस. ओरडावंसं वाटत होतं, त्या दिव्यांची टिकटिक कानात खिळ्यासारखी बसत होती. पंचवीस मिनिटांनी बाई परत येऊन बसल्या. त्या सगळ्या वेळात मास्तरांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि आयुष्यात याहून कठीण काही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

बाईंनी गाडी सुरू केली. या वेळी ती एकदाही बंद पडली नाही. काटा साठावर गेला. पुढे थांबायच्या दोन पाट्या आल्या आणि बाई दोन्हीकडे थांबल्या.

धक्क्यावर पोचले तेव्हा चार वाजून चार मिनिटं झाली होती. दोर सोडलेला होता. जहाज फार मोठं नव्हतं, गंजलेलं, मालवाहू. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये एवढं पाणी पडलं होतं की दगड मारला तर पलीकडे पोचेल, माणूस नाही. बाई स्टिअरिंगच्या बाजूने उतरल्या आणि धावल्या. मास्तर दुसऱ्या बाजूने उतरले आणि एका खांबाला धडकून पडले. उठून ते इंजिनाच्या आवाजाच्या दिशेने गेले आणि ओरडले.

"मला दिसलं नव्हतं! ऐकतोस का? तुझी चूक नव्हती, मला दिसलं नव्हतं!"

"तिकडे नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचे खांदे धरून त्यांना वळवलं. "इकडे. तिथे कठड्याशी उभा आहे. निळी टोपी."

मास्तरांनी नळी फिरवली. गंज, पांढरा रंग, दोरखंड, कुणाचा तरी कोपर, मग निळं काहीतरी. त्याच्याखाली चेहरा होता, पण एवढ्या लांबून तो कुणाचाही असू शकला असता. मास्तर पुन्हा ओरडले. वारा समुद्राकडून येत होता आणि त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडावर परत आणून टाकत होता. निळ्या टोपीने कानाला हात लावला. मग हात खाली गेला.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावून मध्ये धरला.

"आई," मुलाचा आवाज आला, मागे इंजिनाची घरघर. "गाडी तू चालवत आणलीस?"

"हो."

निळी टोपी कठड्यावरून पुढे वाकली.

"म्हणजे बाबांना कळलं तर," मुलगा म्हणाला.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. तो माणूस लाल शर्टात होता, आई. त्यांच्या खिडकीच्या जरा बाजूला, हाताच्या अंतरावर. ते रस्त्याकडे तोंड करून मोकळं म्हणाले, तो त्यांना दिसलाच नाही."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर गाडी सुटली असती त्यांची. त्यांना दुसरं काय होतं?" तो थांबला. "बोलायला हवं होतं. रोज वाटायचं, आणखी कुणीतरी पडेल. पण नाही जमलं."

बाईंनी फोन मास्तरांच्या तोंडाशी नेला. पंधरा दिवस त्यांनी ते वाक्य घोटलं होतं, रस्ताभर घोटलं होतं, आत्ता जीव खाऊन ओरडलं होतं. आता ओरडायची गरज नव्हती, हळू बोललं तरी चाललं असतं.

"ऐक," मास्तर म्हणाले, आणि पुढे शब्द फुटेना. ज्याला सांगायचं त्याला सगळं आधीच माहीत होतं. तीन वर्षं त्याने ते बापासाठी उचललं होतं. आता सांगून द्यायचं काय?

"बाबा, वारा फार आहे," मुलगा म्हणाला. "गाडीत बसा." आणि जहाज बंदराच्या तोंडाशी असलेल्या टेकडीआड वळलं, घरघर तुटली. बाईंनी दोनदा फोन लावला. लागला नाही.

मास्तर तिथेच उभे राहिले. दीड वर्ष. माफी मागायला आलेला माणूस माफी न मागताच माफ होऊन बसला होता, आणि ते ओझं खाली ठेवायला जागा नव्हती. आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. धक्क्यावरचा एक माणूस दोर गुंडाळत गुंडाळत त्यांच्या बाजूने गेला, तो त्यांना दिसला नाही.

बाई गाडीत जाऊन बसल्या होत्या. मास्तर चाचपडत आले, हाताने गाडीचा पत्रा धरत पुढच्या दारापर्यंत पोचले आणि दार उघडलं. आत शिकवणाऱ्याच्या बाजूची रिकामी सीट होती.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि समोर बघत होत्या. "मागे बसा."

मास्तरांनी ते दार लावलं, मागचं उघडलं आणि आत बसले.